भिंतीकडे तोंड करून ऐकणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर तान्ह्या बाळांना अहो-जाहो करायचे. पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबाला “अरे, बस की” म्हणणारा हा माणूस दोन दिवसांच्या बाळापुढे मात्र कमरेत वाकून विचारायचा, “काय, कधी आलात? प्रवास कसा झाला?” मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांचं डोकं जरा फिरलेलं आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एका बाळाला “ए सोन्या” म्हणताना पकडलं आणि सगळ्या वॉर्डासमोर झापलं.

“सिस्टर, ते पाहुणे आहेत. ओळख ना पाळख, एकदम एकेरीवर कशी येतेस?”

वर्ष पुरं झालेलं मूल पुन्हा दाखवायला आणलं की ते त्याला “अरे” म्हणायचे, त्याआधी नाही. आणि मला मात्र पहिल्या दिवसापासून “तू”. मी काही पाहुणी नव्हते, पगार घेत होते, असं त्यांचं म्हणणं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे, दुष्काळाच्या वर्षांतली. नगरमधल्या एका दवाखान्यात बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांचा वॉर्ड होता, तिथं मी नर्स होते. माझं माहेर राजूरकडचं, डोंगरातलं. पाऊस नको नको होईपर्यंत पाहिलेली मी, नगरला येऊन एका तांब्यात हात, तोंड आणि वाटी धुवायला शिकले. डॉक्टर हात धुतलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाहीत. घमेल्यात धरून ते दारातल्या कडुनिंबाला घालायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, “हिच्या माहेरी हे झाड फुकट वाढलं असतं.”

ते केडगावला राहायचे आणि पुणे रस्त्यानं सायकलवर यायचे. सायकलच्या घंटीवर त्यांनी चिंधी गुंडाळली होती, कारण दवाखान्याच्या आवारात घंटी वाजली तर बाळं दचकतात. त्यामुळे रस्त्यात कुणी आडवं आलं की ते स्वतःच ओरडायचे, “बाजू, बाजू.” केडगावपासून शहरापर्यंत घसा फोडत यायचे आणि वॉर्डाच्या उंबऱ्यावर चपला काढल्या की कुजबुजायला लागायचे. खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा असायचाच. बाळ तपासण्याआधी आईच्या हातावर शेंगदाणे ठेवायचे. “आधी हिला घाल, मग हिला त्यांना पाजायला सांग,” हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळी होती. बाळाचा श्वास नीट नाही असं वाटलं की ते नळी कानाला लावण्याच्या आधी आईला म्हणायचे, “पाज त्यांना.” आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. हात मागे, डोळे मिटलेले, कपाळ भिंतीला टेकलेलं. त्यांना डोक्याला खोबरेल चोपडायची सवय. भिंतीवर त्यांच्या कपाळाच्या उंचीला तेलाचा एक डाग पडला होता. दर दिवाळीला चुना मारायचे, संक्रांतीपर्यंत डाग परत यायचा. गावाकडून आलेल्या बायकांना हे फार आवडायचं. पुरुष डॉक्टर असून पाठ करून उभा राहतो, केवढा चांगला माणूस. आम्हालाही वाटायचं, आईला संकोच नको म्हणून ते असं करतात. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

“दोन घोट, एक श्वास,” ते भिंतीला सांगितल्यासारखं पुटपुटायचे. “दोन घोट, एक श्वास. छान चाललंय यांचं.” आणि कधी कधी नुसतेच गप्प राहायचे. मग आम्ही ओळखायचो की काहीतरी बिनसलेलं आहे.

“तान्ह्याला बोलता येत नाही असं कोण म्हणतं? ते सांगतच असतं,” ते म्हणायचे. “आपण मध्ये बोलतो म्हणून ऐकू येत नाही.”

एकदा पाथर्डीकडचं एक बाळ आलं, आदल्या दिवशी जन्मलेलं, पोट खपाटीला गेलेलं आणि छाती भात्यासारखी चाललेली. ते पीतच नव्हतं. डॉक्टरांनी गुडघे टेकून त्याच्या छातीवर थेट कान ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मला म्हणाले, “सिस्टर, यांच्या छातीत पोट बोलतंय.” पोट आणि छाती यांच्यामधला पडदा आईच्या पोटात असतानाच अर्धवट राहिला होता. आतडी वर चढून बसली होती आणि एका बाजूच्या फुप्फुसाला वाढायला जागाच मिळाली नव्हती. ते बाळ दुपारपर्यंत गेलं. डॉक्टर त्याच्या बापाला घेऊन पायरीवर बसले. दोघांच्या हातात शेंगदाणे होते, कुणी खाल्ले नाहीत. “तुझ्या हातून काही चुकलं नाही,” ते सांगत होते. “तिच्या हातूनही नाही. खाण्यानं नाही, कामानं नाही, कुणाच्या नजरेनं नाही. हे आतच तसं झालं होतं.” बापानं मान हलवली तरी त्यांनी ते पुन्हा सांगितलं. बाप उठून गेला तेव्हा त्याच्यामागे फाटकापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा सांगितलं. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं.

त्यांच्या खोलीत देवाची तसबीर नव्हती, कॅलेंडर नव्हतं. खिडकीच्या काचेला चार टाचण्यांनी एक जुनी एक्स-रे फिल्म लावलेली होती, कुण्या तान्ह्या बाळाच्या छातीची. कडा वळलेल्या, कोपरा पिवळा पडलेला. सकाळचं ऊन त्यातून यायचं आणि टेबलावर बरगड्यांची सावली पडायची. कुणी म्हणायचं, उन्हाची तिरीप लागू नये म्हणून लावलीय. कुणी म्हणायचं, त्यांचं स्वतःचं मूल असेल. त्यांनी लग्नच केलं नव्हतं, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

एका ग्रहणाच्या दिवशी कचेरीतले एक कारकून ती फिल्म मागायला आले. तेव्हा सगळेच असल्या फिल्ममधून सूर्य बघायचे. कारकुनांनी टाचणीला हात घातला आणि डॉक्टर ओरडले. रस्त्यावरचा तो “बाजू, बाजू” वाला आवाज मी दवाखान्यात त्या एकाच दिवशी ऐकला.

“ते सूर्य बघायचं साधन नाही. ते पाहुणे आहेत.”

कारकून माझ्याकडे बघत मागच्या मागे सटकले. मग ग्रहण-बिहण काही न मानणाऱ्या या माणसानं खिशातला रुमाल काढला आणि ग्रहण सुटेपर्यंत त्या फिल्मवर टाकून ठेवला. मी विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात हौसा आली.

ती पारनेरच्या बाजूची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बाळंतपणाला चार दिवस राहिले तोवर जात होती, हाताला घट्टे तसेच होते. बरोबर सासू होती, नऊवारी खोचलेली, आवाज असा की वॉर्डातल्या साऱ्याजणी उठून बसल्या. बाळ वीस दिवसांचं. छातीवर बिब्ब्याचे काळे डाग उठवलेले, कारण बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि त्यावर घरात हाच इलाज माहीत होता.

“डाक्टरसाहेब, हिचं डावं अंग नासकंय,” सासू म्हणाली. “उजवीकडं चांगला पितो. डावीकडं घेतलं की निळा पडतो. पयली पोरगी बी हिच्याच दुदानं गेली चार म्हयन्यात. आता ह्यो बी गेला तर आमाला पोराला दुसरी बघावी लागंल.”

ती हे हौसाच्या समोर बोलत होती. रागानंही नाही, उद्या बाजार आहे म्हणावं तितक्या सहज. हौसा फरशीकडे बघत होती. तिनं नाही म्हटलं नाही. मला वाटतं, तिचाही विश्वास बसला होता की आपल्या अर्ध्या अंगात विष आहे.

डॉक्टर बाळापुढे वाकले. “काय म्हणताय? सांगा, मी ऐकतो.” मग हौसाच्या हातावर शेंगदाणे ठेवले, तिला उजवीकडं पाजायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन घोट, एक श्वास. जरा घाईचा, पण लयीत.

“आता डावीकडं घे.”

“नगं डाक्टर. निळा पडतो त्यो.”

“मी आहे ना.”

तिनं बाजू बदलली. थोड्याच वेळात बाळानं तोंड सोडलं. घोटाचा आवाज थांबला, नुसती धाप उरली. ओठ जांभळे झाले. मी पुढे झाले तोवर डॉक्टर न वळताच म्हणाले, “परत उजवीकडं.” रंग हळूहळू परत आला. डॉक्टर तसेच भिंतीला कपाळ लावून उभे. मला वाटलं आता हे झोपले की काय. मग म्हणाले, “सिस्टर, एक वाटी आण. डावीकडचं थोडं दूध काढून घे तिचं.”

मी वाटी आणली. हौसानं पदराआड दूध काढलं. डॉक्टर वळले, वाटी घेतली आणि सासूच्या डोळ्यांत बघत एक घोट प्यायले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गोड आहे, आजी,” ते म्हणाले. “नासकं असतं तर मला कळलं असतं.”

“तुमी शिकलेली मानसं,” सासू बधली नाही. “तुमाला समदं ग्वाडच लागायचं.”

डॉक्टर हसले. हरल्यावर हसतात तसं नाही, दाद दिल्यासारखं. परत भिंतीकडे वळले आणि तिथूनच हौसाला सांगायला लागले. “आता असं कर. कडब्याची पेंढी काखेत मारतेस ना? तसं त्यांना डाव्या काखेत घे. तोंड पुढं, पाय मागं. हां. कुशीवर असू देत, तुझ्याकडं तोंड करून. आता डावीकडंच पाज.”

बाळाचे पाय हौसाच्या पाठीमागे गेले, तोंड त्याच नासक्या म्हटलेल्या छातीला लागलं.

दोन घोट, एक श्वास. दोन घोट, एक श्वास.

सासू खाली वाकली. पदर बाजूला करून तिनं नातवाचे ओठ बघितले. ते गुलाबी होते. “पितोय की,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. हौसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मी माझ्या पदरानं पुसलं.

“आजी, दूध दोन्हीकडचं एकच,” डॉक्टर म्हणाले. “फरक कुशीचा आहे. रोजच्यासारखं डावीकडं पाजायला घेतलं की हे उजव्या कुशीवर येतात. उजवीकडचं फुप्फुस चांगलं आहे, ते खाली दबतं आणि डावीकडचं बिघडलेलं वर मोकळं सुटतं. डावी कूस खाली असली की बिघडलेलं दाबून राहतं आणि यांना श्वास मिळतो. तुमच्या सुनेचं दूध यांना वाईट नाही. तिनं तुम्हाला रोग कुठं आहे ते दाखवलंय.”

तेव्हा आमच्याकडे नुकतेच एक तरुण डॉक्टर आले होते. हुशार, मनानं चांगले, कामाला वाघ. बाळाच्या छातीचा फोटो निघाला तो त्यांनी उजेडात धरला. डावी बाजू काळी, हृदय उजवीकडे ढकललेलं. “फुप्फुसाच्या बाहेर हवा साठलीय,” ते म्हणाले. “सुई घालून ताबडतोब काढली पाहिजे.” बाळाची धाप तोवर वाढली होती. थांबायला वेळ नाही हे मलाही दिसत होतं. मी सुई उकळून ट्रेमध्ये आणून ठेवली.

“थांब,” डॉक्टर म्हणाले.

ते खिडकीशी गेले. चारही टाचण्या काढून त्यांनी ती जुनी फिल्म उतरवली आणि हौसाच्या बाळाच्या फिल्मशेजारी काचेवर धरली. दोन्ही हुबेहूब. तीच काळी बाजू, तसंच सरकलेलं हृदय.

“या काळ्यात बघ. घाई करू नकोस. रेघा दिसतात?”

तरुण डॉक्टरांनी नाक काचेला लावलं. मीही बघितलं. काळ्यामध्ये अगदी बारीक, पुसट रेघा होत्या.

“बाहेर साठलेल्या हवेत काही नसतं, निव्वळ काळं. रेघा आहेत म्हणजे हे फुप्फुसच आहे. त्याचा वरचा भाग जन्मापासून असा आहे की हवा आत जाते आणि बाहेर येत नाही. फुगतोय, आणि बाकीच्यांना चेपतोय.”

“मग सुई घातली तर?”

“फुटतो.”

तरुण डॉक्टरांनी जुन्या फिल्मकडे बोट केलं. “याचं काय झालं?”

“मी सुई घातली,” डॉक्टर म्हणाले.

मी ट्रे उचलून परत नेला.

तो फुगलेला तुकडा काढून टाकणं हा एकच उपाय होता, आणि इतक्या लहान बाळाची छाती उघडणारे सर्जन पुण्याला होते. डॉक्टरांनी त्यांना चिठ्ठी लिहिली. दवाखान्याची जीप निघाली. डॉक्टरांना वॉर्ड सोडता येत नव्हता म्हणून मला बरोबर दिलं. बाळाच्या डाव्या मनगटाला त्यांनी बँडेजची पट्टी बांधली. “ही बाजू खाली,” मला म्हणाले. “रडले तरी खाली. झोपले तरी खाली.” मग बाळाला म्हणाले, “सांभाळून जा. परत या.” सासूला जीपमध्ये जागा नव्हती. ती फाटकापाशी उभी राहिली आणि जीप हलताना हौसाला म्हणाली, “काखंत धर गं.”

सुपे ओलांडताना रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चाललं होतं. डोक्यावर फडकी बांधलेल्या बाया खडी फोडत होत्या. हौसानं मान वळवून बघितलं. “माजी पाटी तितंच आसंल,” ती म्हणाली आणि पुन्हा बाळाकडे बघायला लागली.

शिरूरच्या पुढे तिनं बाळाला पाजलं आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. किती दिवसांची झोप राहिली होती कुणास ठाऊक. मी बाळाला हळूच घेतलं. खांद्यावर घेऊन ढेकर काढली आणि मांडीवर ठेवलं. नर्सिंगच्या शाळेत आमच्या ट्यूटरबाईंनी पट्टी मारून मारून शिकवलं होतं, पाजून झालं की बाळ उजव्या कुशीवर. हजार बाळं मी तशी ठेवली होती. माझ्या हातांनी हेही तसंच ठेवलं.

बाळ निळं पडलं. मी त्याच्या घशात बोट घातलं, दूध अडकलंय म्हणून. नाक बघितलं. जीभ बघितली. मनगटावरची पट्टी माझ्या नाकासमोर होती, ती मात्र दिसली नाही. हौसाला कशानं जाग आली माहीत नाही. तिनं एका हातानं बाळाला उचललं, डाव्या कुशीवर आपल्या मांडीला दाबून धरलं आणि वाट बघत राहिली. ओठ हळूहळू पुन्हा गुलाबी झाले.

“बाई, डावी,” ती म्हणाली. एवढंच. पुण्यापर्यंत मी बाळाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पुण्याच्या सर्जननी डाव्या फुप्फुसाचा वरचा फुगलेला भाग काढून टाकला. हौसा बाहेर जमिनीवर बसून होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. आतून निरोप आला तेव्हा तिनं विचारलं, “ऱ्हायलेल्यावर त्येचं भागंल का?” भागेल म्हणाले, राहिलेलं फुप्फुस पसरून जागा भरून काढतं. चार दिवसांनी बाळ दोन्ही कुशींवर झोपायला लागलं आणि मी एसटीनं नगरला परत आले.

वाटभर मी ठरवत होते की जीपमधलं सांगायचं नाही. हौसा सांगणार नव्हती, ड्रायव्हरनं मागे पाहिलं नव्हतं. पण डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि खिडकीत ती फिल्म परत लागलेली दिसली. मग मला राहवेना.

“मला काही सांगायचंय,” मी म्हटलं.

ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “बोल, ऐकतो.”

मी सगळं सांगितलं. घशात बोट घातलं तेही. त्यांच्या पाठीकडे बघत सांगणं सोपं गेलं. सांगून झालं तरी ते वळले नाहीत.

“मी तेव्हा तुझ्याच वयाचा होतो,” ते म्हणाले. “त्यांची आई मला सांगत होती, डाक्टर, हे एकाच अंगावर पितंय. दोनदा सांगितलं तिनं. मी फोटो बघत होतो. मी म्हटलं, बाई, गप्प बसा, मला काम करू द्या. तिचा चेहरा मला आठवत नाही. आवाज आठवतो. तेव्हापासून आई बोलायला लागली की मी काही बघत नाही. बघायला लागलो की मला ऐकू येत नाही.”

म्हणजे ते पाठ करून उभं राहणं बायकांच्या संकोचासाठी नव्हतंच. इतकी वर्षं आम्ही त्याचं कौतुक भलत्याच गोष्टीसाठी करत होतो.

“मला ओरडणार नाही का?” मी विचारलं.

“तू सांगितलंस ना.” त्यांनी खिशात हात घातला. “शेंगदाणे खा. प्रवासातून आलीस.”

मी ते खाल्ले आणि खाता खाता रडले.

पुढचा पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर हौसा आली. या वेळी बाळ सासूच्या कडेवर होतं आणि ती फाटकापासूनच वॉर्डाला सांगत होती, “माजा नातू, बगा, माजा नातू.” बाळाच्या डाव्या बगलेखाली लांब व्रण होता. गाल वर आले होते. दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं होतं दगडू, आधीचं मूल गेलं की ठेवतात तसं.

“या दगडूराव,” डॉक्टर वाकले. “बरे आहात?” मग हौसाला म्हणाले, “डावीकडं पाज. काखेत नको. रोजच्यासारखं.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. हौसानं बाळाला डाव्या अंगावर घेतलं. दोन घोट, एक श्वास. दोन घोट, एक श्वास. बाळ पिऊन झालं, तोंड पुसून झालं, सासूनं त्याला खांद्यावर टाकलं, तरी डॉक्टर वळेनात.

“झोपलं का काय डाक्टर?” सासूनं मला विचारलं.

शेवटी वळले ते रुमालानं नाक पुसत. सर्दी झालीय म्हणाले. आम्ही त्यांच्या खोलीत गेलो, पुण्याचे कागद बघायला. हौसाची नजर खिडकीकडे गेली.

“ह्यो माज्या दगडूचा फोटू हाय व्हय?”

“नाही. हे त्यांच्याआधी आलेले,” डॉक्टर म्हणाले. “यांच्यामुळं मला तुझ्या मुलाचं कळलं.”

“आता कुटं असत्यात?”

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. हौसाला कळलं. ती खिडकीजवळ गेली आणि बघत राहिली.

“नाव काय हुतं?”

“बारशापर्यंत पोचले नाहीत.”

हौसा सासूला म्हणाली, “आत्याबाई, आपल्या दगडूचं पाळन्यातलं नाव इश्वनाथ हाय. त्ये कुनी घेत न्हाई. समदी दगडूच म्हनत्यात. ह्येला दिऊ का?”

मला वाटलं आता म्हातारी कडाडणार. नातवाचं पाळण्यातलं नाव उचलून मेलेल्या पोराला द्यायचं, तेही आधीचं मूल गेलेल्या घरात. सासूनं फिल्मकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दगडूला माझ्या हातात दिलं आणि पदर सारखा केला.

“असं नुसतं देत न्हाईत,” ती म्हणाली. “कानात सांगावं लागतं.”

ती खिडकीशी गेली. त्या फिल्ममध्ये नुसती छाती होती, डोकं निम्मं कापलेलं. कान कुठं असेल ते तिनं अंदाजानं ठरवलं आणि काचेशी तोंड नेलं. “कुर्रर्र,” ती म्हणाली. “इश्वनाथ.” बारशाला नाव सांगणारीच्या पाठीत बाया धपाटे घालतात. हौसानं हात वर केला, क्षणभर थांबली, आणि जिनं तिला दुसरी बघू म्हटलं होतं तिच्या पाठीत हळूच एक धपाटा घातला. सासू पाठ जरा वाकवून तशीच उभी राहिली. मग हौसानं आणखी दोन घातले.

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ती फिल्म कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली तेव्हा कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं लिहिलेलं दिसलं, चि. विश्वनाथ. अक्षर त्यांचंच, डॉक्टरांचं असून वाचता येणारं.

आता ती माझ्या खिडकीत असते. ग्रहण आलं की नातवंडं मागतात, मी देत नाही. ग्रहण-बिहण मी मानत नाही. तरी त्या दिवशी विश्वनाथांवर रुमाल टाकते.